मिनीडीव्ही कॅसेट ‘गेली’ म्हणण्याआधी या चुका टाळा

ताईच्या लग्नाची मिनीडीव्ही (छोटी डिजिटल व्हिडिओ) कॅसेट कित्येक वर्षांनी जुन्या हँडीकॅममध्ये घातली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अंतरपाटाच्या जागी नुसते रंगीत चौकोन. आवाज तुटक, मग स्क्रीन निळी. आई हळूच म्हणाली, “गेलं का गं सगळं?” काहीच गेलं नव्हतं. कॅमेऱ्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घाण झालं होतं.

अशा वेळी घाबरून कॅसेट पुढेमागे करत राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मिनीडीव्हीची टेप जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद आणि तिच्यावरचा एकेक तिरका ट्रॅक (रेकॉर्डिंगची रेघ) १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एका फ्रेमला (एका चित्राला) असे १२ ट्रॅक लागतात. ते वाचणारा ड्रम (फिरणारा दंडगोल) मिनिटाला ९००० फेरे घेतो, त्यावर दोन हेड असतात. एका हेडवर कण बसला की एकाआड एक ट्रॅक वाचताच येत नाही, म्हणून चित्रात आडवे पट्टे नाहीतर चौकोन दिसतात. आधी दुसरी एखादी कॅसेट लावून बघा. तीही तशीच दिसली तर दोष कॅमेऱ्याचा. मग कोरडी क्लीनिंग कॅसेट साधारण दहा सेकंद चालवा आणि रिवाइंड न करता काढा. कापसाचा बोळा ड्रमला कधीही लावू नका. हेड इतकं नाजूक असतं की जराशा दाबाने तुटतं. आणि हे सगळं करण्याआधी लग्नाच्या कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा. घाईत रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर पुसलेलं चित्रण परत मिळणार नाही.

कोकणातल्या घरांत दुसराच त्रास. एसीच्या खोलीतून कॅमेरा दमट हवेत आणला की ड्रमवर दव धरतं आणि ओली टेप त्याला चिकटते. थेंबाचं चिन्ह दिसलं की कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा आणि तासभर थांबा. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका, आधी जाणत्याकडून साफ करून घ्या.

चित्र आहे पण आवाज नाही? मेन्यूत ऑडिओ मिक्स बघा. १२ बिटच्या रेकॉर्डिंगला तिथे ‘स्टीरिओ २’ (नंतर भरायच्या आवाजाची जागा) निवडलेलं असलं की सगळं मुकं. टीव्हीवर चित्रच येत नसेल तर केबल त्याच कॅमेऱ्याची आहे ना ते बघा. पिन सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं भरली असतील तर ते रेकॉर्डिंग एलपीचं (लाँग प्ले, टेप हळू चालवून जास्त वेळ भरणारी पद्धत). त्यात ट्रॅक आणखी अरुंद असतात आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात ते बऱ्याचदा नीट चालत नाहीत. तेव्हा ज्या कॅमेऱ्याने शूटिंग केलं तो भंगारात देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

काही गोष्टी मात्र शूटिंगच्या वेळीच टेपवर उमटलेल्या असतात. हॅलोजनच्या दिव्यातून निघालेली उभी पांढरी रेघ हा सीसीडी सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचा, स्वभाव. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर शटरचा वेग चुकला होता. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेला तो १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचा असतो.

कॉम्प्युटरवर घेताना बहुतेक जण यूएसबीची वायर जोडतात आणि चित्र फिकं, अडखळत आलं की टेपला दोष देतात. या कॅमेऱ्यांतल्या बऱ्याच मॉडेलांची यूएसबी कार्डावरच्या फोटोंसाठी किंवा फार तर हलक्या दर्जाच्या चित्रासाठीच असते. टेपवरचा अस्सल माल ‘डीव्ही’ लिहिलेल्या छोट्या फायरवायर खाचेतून येतो, तासाला साधारण १३ जीबी. मध्ये कोरी जागा असेल तर तिथे टाइमकोड (टेपवरचा वेळेचा आकडा) पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि कॅप्चर, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवणं, थांबतं. तिथून पुढे नवी फाइल करा.

ताईची कॅसेट साफसफाईनंतर लावली तेव्हा पहिल्याच फेरीला कॅप्चर सुरू ठेवलं होतं. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या, आणि मागे पिवळ्या फेट्यातले आजोबा स्पष्ट दिसले.