जावातील ‘==’ची तक्रार: समानतेच्या चुका कशा दुरुस्त कराव्यात

स्पॉटबग्ज किंवा सोनारक्यूब या कोडमधील चुका शोधणाऱ्या साधनांच्या अहवालात ‘==’विषयी इशारा दिसला की ती ओळ लगेच बदलण्याचा मोह होतो; पण आधी तुलना कोणत्या टाइपच्या व्हेरिएबल्सची आहे, ते पाहावे. ऑब्जेक्टच्या बाबतीत ‘==’ किंमत तपासत नाही, दोन्ही रेफरन्स एकाच ऑब्जेक्टचे आहेत का, एवढेच तपासते.

ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, याचे कारण ‘इंटिजर’मध्ये पाहावे. ‘इंट’चे (साध्या पूर्णांकाचे) आपोआप ‘इंटिजर’ (तीच किंमत धरणारा ऑब्जेक्ट) होते तेव्हा -128 ते 127 या किमतींसाठी जावा आधीच तयार असलेले ऑब्जेक्ट वापरते, त्यामुळे 100 आणि 100 यांची ‘==’ने केलेली तुलना बरोबर ठरते; 128 आणि 128 यांची मात्र बहुधा चूक ठरते. चाचणी लिहिताना आपण हटकून 5, 10, 100 असेच आकडे घालतो, आणि चूक ग्राहकाकडे पोहोचते.

अशा ठिकाणी किमतींची तुलना करणारी ‘इक्वल्स’ ही मेथड वापरावी, आणि किंमत ‘नल’ (म्हणजे ऑब्जेक्टच नाही) असण्याची शक्यता असेल तर जावा 7 पासून उपलब्ध असलेले ‘ऑब्जेक्ट्स.इक्वल्स’. मात्र ‘लाँग’ (मोठ्या पूर्णांकाच्या) ऑब्जेक्टची तुलना ‘इक्वल्स’ने नुसत्या 5 शी केल्यास उत्तर नेहमीच ‘फॉल्स’ येते, कारण त्या 5 चा ‘इंटिजर’ होतो. तेथे 5 ला ‘एल’ जोडावा. अचूक दशांश संख्यांच्या ‘बिगडेसिमल’मध्ये 2.0 आणि 2.00 ‘इक्वल्स’ला वेगळे वाटतात, म्हणून रकमांसाठी ‘कंपेअरटू’चे उत्तर शून्य आहे का, ते पाहावे. ‘इनम’साठी (ठरावीक किमतींच्या यादीसाठी) ‘==’ योग्यच आहे; त्याला हात लावू नये.

इशारा स्वतःच्या क्लासविषयी असेल, तर ‘इक्वल्स’चा पॅरामीटर ‘ऑब्जेक्ट’ टाइपचाच ठेवून वर ‘ओव्हरराइड’ हे ॲनोटेशन (कंपायलरसाठीची खूण) लिहावे, म्हणजे पॅरामीटरचा टाइप चुकला तर कंपायलरच अडवतो. ‘इक्वल्स’मध्ये तपासलेल्या फील्ड्सवरूनच ‘हॅशकोड’ही (ऑब्जेक्ट शोधण्यासाठी वापरला जाणारा आकडा) लिहावा, नाहीतर ‘हॅशसेट’ या संचामध्ये टाकलेली नोंद तशाच दुसऱ्या ऑब्जेक्टने शोधल्यावर सापडत नाही. या फील्ड्स नंतर बदलणाऱ्या नसाव्यात, हे मला दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे वाटते.

शेवटी 128, ‘नल’ आणि ‘न्यू’ने मुद्दाम बनवलेली (म्हणजे मजकूर तोच पण ऑब्जेक्ट वेगळा असलेली) स्ट्रिंग घालून चाचण्या लिहाव्यात आणि विश्लेषण पुन्हा चालवावे. एखाद्या ठिकाणी तोच ऑब्जेक्ट आहे का, हेच खरोखर तपासायचे असेल, तर ‘==’ तसेच ठेवून इशारा फक्त तेवढ्यापुरता बंद करावा आणि त्याचे कारण शेजारी कॉमेंटमध्ये लिहावे.