कर्नल बिल्ड शेवटच्या टप्प्यात ‘किल्ड’ होतो (४ जीबी रॅम)

स्वस्तातला लॅपटॉप. उबुंटूची कॉन्फिग (कर्नलच्या पर्यायांची फाइल) घेऊन लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बिल्ड करताना ‘बीटीएफ’च्या (डीबगसाठी लागणारी टाइप-माहिती) ओळीवर ‘किल्ड’, एरर १३७. जे-१ (एका वेळी एकच काम) लावून पाहिलं, तरी तेच. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवला तर माउससुद्धा हलेना. तीन रात्री पाण्यात. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) कळलं: रॅम खाणारा पाहोल (बीटीएफ बनवणारं टूल) होता, जीसीसी (कम्पायलर) नव्हे.

मग असं केलं. आधी वायफाय चालू, पेनड्राइव्ह, हेडफोन लावलेले. मग मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवलं, कारण ते फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवतं. (पहिल्यांदा पेनड्राइव्ह विसरलो होतो.) मग मेक मेन्यूकॉन्फिग: कर्नल हॅकिंग, त्यात कम्पाइल-टाइम चेक्स, तिथे डीबग इन्फर्मेशन ‘डिसेबल’. बीटीएफ आपोआप जातं. सेव्ह, मेक क्लीन, मेक जे-२. शेवटी सुडो मेक मॉड्यूल्स-अंडरस्कोर-इन्स्टॉल, सुडो मेक इन्स्टॉल, रीबूट. युनेम आर (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) नवा नंबर दाखवतंय.