पासपोर्ट नसताना ओळख कशी सिद्ध केली (जर्मनी)
एका इरिट्रियन निर्वासित ताईंचा नागरिकत्वाचा अर्ज ‘मूळ देशाचा पासपोर्ट आणा’ म्हणून अडला होता. ज्या सरकारपासून जीव वाचवून पळालं, त्याच्याच दूतावासात जायचं? मला हे फार अन्यायाचं वाटलं.

आधार मिळाला जर्मन संघीय प्रशासकीय न्यायालयाच्या २३ सप्टेंबर २०२० च्या निकालाचा. त्यानुसार पासपोर्ट मिळवणं शक्य नसेल किंवा तशी अपेक्षा करणं रास्त नसेल तर फोटोचं दुसरं सरकारी ओळखपत्र. तेही नसेल तर इतर कागद, साक्षीदार. अगदी शेवटी स्वतःचं सुसंगत निवेदन. मात्र आधीची पायरी का अडली, ते दाखवावं लागतं.

आम्ही ते कारण लेखी दिलं, बाप्तिस्म्याचा दाखला, त्याचं शपथबद्ध अनुवादकाने केलेलं भाषांतर आणि आश्रयाच्या मुलाखतीची प्रत जोडली. नावाचं स्पेलिंग नीट पाहा; तिग्रिन्या या इरिट्रियाच्या भाषेतून रोमन लिपीत येताना ते बदलतं. त्या फरकाचाही खुलासा जोडला आणि अर्ज पुढे सरकला.