ग्रंथालयाच्या इमारतीसाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

गावातल्या ग्रंथालयाच्या इमारतीचा प्रस्ताव परत येतो, तेव्हा त्यावर ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा क्वचितच असतो. असतो तो ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा’. त्या त्रुटी वाचल्या की कळतं, सिमेंट-सळईशी त्यांचा फारसा संबंध नाही. कार्यकारिणी सुरुवात करते नकाशापासून आणि फाइल अडते सातबाऱ्यावर.

जागा नेमकी कुणाच्या नावावर?

‘वाचनालय पन्नास वर्षं याच जागेत आहे’ हा मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टीची पावती नव्हे, आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ सुद्धा नव्हे. तो कर आकारणीचा उतारा आहे.

सगळ्यात जास्त घोळ दान मिळालेल्या जागेत होतो. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दानपत्र लिहिलं, नोटरीचा शिक्का घेतला, सत्कार झाला, दात्याच्या आईच्या नावाची पाटीही लागली. पण स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं नसेल, तर मालकी बदलतच नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दात्यामागे वारसांची नावं लागली की प्रत्येकाची सही गोळा करत फिरावं लागतं, आणि त्यातला एक तरी पुण्या-मुंबईत असतो. म्हणून दाता हयात असतानाच मोजणी, नोंदणीकृत बक्षीसपत्र, तलाठ्याकडे फेरफार आणि संस्थेच्या नावाचा सातबारा (सिटी सर्व्हे झालेल्या गावठाणात मिळकत पत्रिका) या क्रमाने काम उरकून घ्या. त्यानंतरही एक पायरी उरते. ती मिळकत धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ वर (संस्थेचे विश्वस्त आणि मिळकती यांची अधिकृत नोंद) चढवावी लागते. ही पायरी हमखास विसरली जाते.

जागा ग्रामपंचायतीची असेल तर नुसत्या ठरावावर बांधकामाचा निधी मागू नका. लेखी, नोंदणीकृत भाडेपट्टा हवा आणि त्याची मुदत इमारतीच्या आयुष्याला साजेशी हवी. अकरा महिन्यांच्या करारावर कुणी स्लॅबला पैसे देणार नाही.

सही करणारा सचिव कागदोपत्री आहे का?

बहुतेक ग्रंथालयं संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्हींखाली नोंदलेली असतात. कार्यकारिणी बदलली की १९५० च्या अधिनियमातल्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो राहिला, की परिशिष्टावर दोन निवडणुकांपूर्वीचे अध्यक्ष दिसतात, कधी कधी दिवंगत झालेलेसुद्धा. मग आजच्या सचिवाच्या सहीचा ठराव ग्राह्य कसा धरणार? इमारतीचा विचार मनात आला त्याच दिवशी परिशिष्ट १ ची ताजी प्रमाणित प्रत काढा. बदल अर्ज प्रलंबित असतील, तर आधी त्यांच्या मागे लागा.

नावाचंही तसंच. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘सार्वजनिक वाचनालय’, पॅनवर ‘सार्वजनिक वाचनालय व ग्रंथालय’, बँकेत गावाच्या नावासकट तिसरंच. माणसाला हे एकच वाटतं, संगणकाला वाटत नाही. केंद्राच्या निधीसाठी एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक आणि पीएफएमएस या केंद्राच्या निधीवाटप प्रणालीवर नोंदलेलं खातं लागतं. तिथे एका शब्दाचा फरकही महिनोन्‌महिने घेतो. नोंदणी प्रमाणपत्रातलं नाव प्रमाण माना आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या.

चुकीच्या दारात अर्ज

दरवर्षी येणारं परिरक्षण अनुदान वेतन, ग्रंथ आणि चालू खर्चासाठी असतं. त्यातून खोली वाढवली, तर लेखापरीक्षणात आक्षेप येणारच. इमारत अनुदानाचा आधार वेगळा आहे: १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखालचे १९७० चे नियम. त्यांच्या नावातच सहायक अनुदान (म्हणजे परिरक्षणाचं) आणि इमारत-साधनसामग्री अनुदान असे दोन वेगळे उल्लेख आहेत.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (स्थापना १९७२) समान निधी (राज्य सरकारच्या वाट्यासह) आणि असमान निधी (राज्याच्या वाट्याशिवाय) अशा दोन प्रकारच्या योजना चालवतं. इमारत बांधकाम आणि विस्तारासाठीचं साहाय्य असमान निधीत येतं. अर्ज थेट कोलकात्याला पाठवायचा नसतो. ग्रंथालय संचालनालय आवाहन काढतं आणि प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयामार्फत वर जातो. साधारणपणे चार प्रती मागतात, त्याही इंग्रजी किंवा हिंदीत. मराठीत सुंदर टाइप केलेला प्रस्ताव इथे कामाचा नाही. अर्जाचा नमुनाही दरवेळी संकेतस्थळावरून नवा घ्या. शेजारच्या गावाने मागे भरलेल्या अर्जाची झेरॉक्स वापरू नका.

खासदार किंवा आमदार निधीची वाट निराळी. तिथे पैसे संस्थेच्या खात्यात येत नाहीत. जिल्हा प्रशासनाने नेमलेली यंत्रणा काम करून देते. त्यामुळे कंत्राटदार तुम्ही ठरवणार नाही, हे सभासदांना आधीच सांगून ठेवा. दोन ठिकाणांहून निधी घ्यायला हरकत नसते, मात्र एकच बाब दोन्हीकडे दाखवू नका. एका निधीतून पाया आणि भिंती, दुसऱ्यातून विद्युतीकरण आणि रॅक, अशी वाटणी अंदाजपत्रकातच स्पष्ट करा.

घराचं अंदाजपत्रक ग्रंथालयाला लावणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती काही वर्षांनी दिसते. आयएस ८७५ (भाग २) या मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून काढतात. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला हाच आकडा सुमारे ६०० किलो आहे, तोही २.२ मीटर उंचीपर्यंत. त्यावरच्या दर मीटरला आणखी २०० किलो.

एक रॅक डोळ्यांसमोर आणा. ९० सेंटिमीटर रुंद, सात कप्प्यांचं, दोन्ही बाजूंनी पुस्तकं. म्हणजे १२.६ मीटर लांबीची पुस्तकं. मीटरला २५ ते ३० किलो धरले, तर ३१५ ते ३८० किलो, लोखंड वेगळं. जेमतेम साडेचार चौरस फुटांवर तीन मोटारसायकली एकावर एक उभ्या कराव्यात तसं. रॅकमधली चालायची वाट धरून सरासरी काढली, तरी घराच्या स्लॅबची मर्यादा ओलांडली जाते. अभियंत्याला ‘दोन हॉल’ एवढंच सांगितलं, तर तो घराचाच स्लॅब काढणार. ‘वर रॅक येणार’ असं लेखी द्या. त्याहून बरं म्हणजे पुस्तकं तळमजल्यावर आणि वाचनकक्ष वर. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर रॅक न्यायची असतील, तर आधी संरचना अभियंत्याचा दाखला घ्या.

काळ्या मातीत पाया काढताना आधी खड्डा घेऊन पाहा. मुरूम तीन फुटांवर लागेल असं गृहीत धरून केलेलं अंदाजपत्रक माती सहा फूट निघाली की कोलमडतं. पैसे पायातच जातात आणि भिंती छपराची वाट बघत पावसाळे काढतात. शिवाय दर चालू सरकारी दरसूचीतले आहेत का आणि १८ टक्के जीएसटी धरला आहे का, ते तपासा. वीस लाखांच्या कामात विसरलेला कर ३ लाख ६० हजारांचा असतो.

रॅम्पचं प्रमाण १:१२. जोतं ४५ सेंटिमीटर असेल, तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. नकाशात पायऱ्यांशेजारी दोन मीटरचा तुकडा दिसला, तर ती घसरगुंडी समजा. वाळवीप्रतिबंधक फवारणी फरशीच्या आधी व्हायला हवी. नंतर भोकं पाडून करावी लागते. रॅक बाहेरच्या भिंतीपासून १५ सेंटिमीटर सोडून ठेवा, नाहीतर कोकणात पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते.

मंजुरीआधी कुदळ मारणं

मुहूर्त चांगला म्हणून भूमिपूजन करा, खोदाई नको. प्रशासकीय मान्यतेआधी झालेला खर्च सहसा धरला जात नाही. मोकळ्या जागेचे, जोत्याचे, स्लॅबच्या सळ्यांचे आणि पूर्ण झाल्याचे फोटो तारखेसह ठेवा. सळ्या एकदा काँक्रीटखाली गेल्या की त्यांचा पुरावा उरत नाही.

पैसे आल्यानंतर

अनुदानासाठी वेगळं खातं हवं. बिलं संस्थेच्याच नावावर, रोखीने काही नाही. कंत्राटदाराच्या बिलातून टीडीएस (उगमस्थानी आयकर) कापायचा असतो: व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याला मिळणारा आयकर खात्याचा क्रमांक) आधीच काढून ठेवा. केंद्रीय अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए या नमुन्यात, सनदी लेखापालांच्या तपासणीनंतर द्यायचं. मोजमाप पुस्तिकेतले (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीतले) आकडे आणि बिलातले आकडे वेगळे निघाले की ते परत येतं आणि पुढचा हप्ता थांबतो. अनुदानातून झालेली इमारत पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हेही कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. आणि बचत खात्यात पडून राहिलेल्या केंद्रीय रकमेवर जे व्याज चढतं, ते संस्थेचं नसतं. ते हिशेबात दाखवून परत भरावं लागतं.