सौद्याच्या मेसेजात ‘कल’ नको, तारीख टाका

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याचे बरेच सौदे आता व्हॉट्सॲपवरच ठरतात, तेही दिल्ली-कोलकात्याच्या व्यापाऱ्यांशी, हिंदीत. त्यात सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘कल’. काल की उद्या? बोलताना क्रियापदावरून कळतं. पण नुसतं ‘गाडी कल’ एवढंच आलं, की गडबड झालीच: मजूर वावरात हजर, ट्रकचा पत्ता नाही. म्हणून लगेच उलट विचारा, ‘मंगलवार, १६ तारीख, सुबह ७ बजे ना?’ आणि ‘हाँ’ येईपर्यंत तोडणीवाल्यांना सांगू नका.

भावाचंही तसंच. आपल्याकडे कोणी टनावर देतो, कोणी हजार फळांवर, कोणी अख्खा बगीचाच ठोक. ‘भाव २५’ लिहिलं तर पुढे ‘किलो’ हा शब्द हवाच. आंबिया, मृग हे बहार (संत्र्याचे दोन हंगाम) बाहेरच्याला कळतीलच असं नाही. तोडणीचा महिना सांगा.

सौदा बांगलादेशच्या व्यापाऱ्याशी असेल, तर तिथलं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास, आणि तिथे शुक्रवार-शनिवार साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी दुपारी फोन उचलला नाही म्हणून माणूस फिरला असं समजू नका. नमाजाची वेळ असते.

व्हॉइस मेसेज खुशाल पाठवा, आकडे मात्र टाइप करून.