क्लिअरिंगला नव्याने बसताय? चेक परत का जातो ते आधी समजून घ्या

क्लिअरिंगला, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीच्या कामाला, नवीन आलेल्याला वाटतं की खात्यात पैसे नसले की चेक परत जातो. चेक परत करण्याच्या प्रत्येक कारणाला एक कोड असतो, ते झालं कोड 01चं कारण. बाकीची कारणं वेगळीच असतात, आणि त्यातली बरीचशी चेक काउंटरवर घेतानाच पकडता येतात. म्हणून डिपॉझिट स्लिपवर शिक्का मारण्याआधी चेक अर्धा मिनिट नीट बघायची सवय लावून घ्या.

सगळ्यात आधी तारीख. चेक तारखेपासून 3 महिनेच चालतो. 1 एप्रिल 2012च्या आधी ही मुदत 6 महिने होती, जुने ग्राहक अजून तेच धरून चालतात. जानेवारीत विशेष लक्ष द्या. हाताला सवय गेल्या वर्षाची असते, त्यामुळे आज लिहिलेला चेक कागदावर वर्षभर जुना ठरतो. पुढची तारीख असेल तर स्वीकारून लगेच स्कॅनिंगला पाठवू नका, तोही परतच येणार.

मग खाडाखोड. सीटीएसमध्ये (चेकच्या कागदाऐवजी त्याचं चित्र पाठवून क्लिअरिंग करण्याच्या पद्धतीत) नाव, आकडी रक्कम किंवा अक्षरी रक्कम यांत दुरुस्ती चालत नाही, शेजारी पूर्ण सही केली तरीही नाही. मुदत वाढवण्यासाठी केलेली तारखेची दुरुस्ती हा एकच अपवाद. ‘सही केलीय ना, मग?’ असं ग्राहक विचारणारच. त्याला तिथेच शांतपणे सांगा आणि नवीन चेक आणायला लावा. अक्षरी आणि आकडी रक्कम जुळत नसेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट या चेकच्या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. व्यवहारात मात्र असा चेक बहुतेक वेळा परतच येतो, त्यामुळे घेऊ नये हे बरं.

आता कागद पैसे देणाऱ्या बँकेकडे जातच नाही, चित्रं जातात: पुढच्या बाजूची ग्रे स्केल (करड्या छटांची) आणि काळी-पांढरी, मागच्या बाजूची काळी-पांढरी. समोरचा अधिकारी जे बघतो ते एवढंच. म्हणून फिकट शाई घातक. आपलाच क्लिअरिंगचा शिक्का तारखेवर किंवा सहीवर बसला तर चूक आपली. खालच्या पांढऱ्या पट्टीत चेक नंबर, 9 अंकी एमआयसीआर कोड (बँक आणि शाखा ओळखण्याचा), खात्याचा आकडा आणि 2 अंकी व्यवहार कोड छापलेला असतो. तिथे पेनची रेघ, शिक्का किंवा स्टेपलची पिन आली की मशीन ओळ वाचताना अडखळतं.

इनवर्डला, म्हणजे दुसऱ्या बँकांकडून आपल्या खातेदारांचे चेक येतात तिथे बसलात, की जबाबदारी उलटी होते. इथे सही नोंदीशी जुळवायची (जुळत नसेल तर कोड 12), संयुक्त खात्यावर कोणाच्या सह्या लागतात ती सूचना बघायची, कंपनीच्या खात्याला ठराविक पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत का ते बघायचं. स्टॉप पेमेंट, म्हणजे पैसे देऊ नका अशी खातेदाराची सूचना (कोड 20), खातेदाराच्या मृत्यूची सूचना, न्यायालयाची किंवा कर खात्याची जप्ती हेही तपासायचं. 50,000 रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी 1 जानेवारी 2021 पासून पॉझिटिव्ह पे आहे, म्हणजे खातेदार चेकचा तपशील बँकेला आधीच कळवतो. तो तपशील चित्राशी जुळतो का ते बघा. 4 ऑक्टोबर 2025 पासून क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं, आणि ठरलेल्या वेळेत उत्तर गेलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. म्हणजे शंकेचा चेक ‘जेवून आल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवला तर तो पास झाला असं समजा. उलट, पैसे असताना चुकून परत केला तर त्याच कायद्याच्या कलम 31 खाली खातेदाराला भरपाई द्यावी लागते.

रिटर्न मेमोवर (परत जाणाऱ्या चेकसोबतच्या चिठ्ठीवर) कारण लिहिताना घाई नको. एकाहून जास्त दोष असतील तर सगळे एकदमच लिहा. नुसती सही जुळत नाही म्हणून परत केला आणि ग्राहकाने नवा चेक आणल्यावर शिल्लक नाही म्हणून पुन्हा परत केला, असं त्याला खेपा घालायला लावणं योग्य नाही. ग्राहकाची चूक नसेल तर चेक परत गेल्याचं शुल्क त्याच्याकडून घ्यायचं नाही. तांत्रिक कारणाने परत आलेला असा चेक लगेच पुढच्या क्लिअरिंगला, फार तर 24 तासांत, पुन्हा लावायचा आणि ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं.

पैसे कमी पडल्याने परत आलेल्या चेकला त्याच कायद्याचं कलम 138 लागू होतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर त्याला 15 दिवस मिळतात, आणि तेही संपले की महिन्याभरात तक्रार. हे दिवस ग्राहकाचे असतात, मेमो आपल्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर तेच वाया जातात. मूळ चेक आणि मेमो त्याच दिवशी द्या, रजिस्टरमध्ये तारखेसकट त्याची सही घ्या, आणि तो आला नाही तर फोन करा.