जेवताना गुरगुरणारा कुत्रा
भांड्याजवळ गेल्यावर कुत्रा गुरगुरतो म्हणून भांडं उचलू नका. जेवण हिरावलं जाईल ही त्याची भीती त्याने खरी ठरते. तो अंग ताठ न करता खात राहील असं अंतर शोधा, समजा आठ फूट. तिथून जाता जाता बिनमिठाच्या, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा भांड्याकडे टाका आणि लगेच मागे फिरा. एका जेवणात पाच-सहा वेळा, बस्स. तुमची चाहूल लागताच तो सैल अंगाने वर बघू लागला, की अर्धा फूट पुढे. ताठरला तर घाई झाली. दोन फूट मागे या. गुरगुरण्यावर ओरडलात तर इशारा बंद होतो, चावा नाही. मुलांना मात्र या सरावात घेऊ नका. आधी चावला असेल तर पशुवैद्यकांना दाखवा, दुखण्यानेही कुत्री चिडतात.